साध्या बंदुकीची कदर कर, पोरी

पोरी, एकवीस पूर्ण झाली, परवान्याचा अर्ज भरलास, आणि आता रोज मला नव्या काळ्या कुळकुळीत पिस्तुलांचे फोटो पाठवतेस. सगळे बघतो मी. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालायची. जागा दोनच असताना त्यातली एक नुसत्या दिखाव्याला देऊ नकोस. दुकानात ज्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही अशा काही साध्या बंदुका आहेत. हात घडवतात, पिढ्यान् पिढ्या टिकतात, आणि नीट वागवल्या तर कधी दगा देत नाहीत. त्यांची ओळख आणि त्यांच्याशी वागायच्या सवयी इथे लिहून ठेवतो. घाई नाही, रोज दोन-तीन वाच.

निवडण्याआधी

१. दुकानात 'सगळ्यात जोरदार कुठली?' असं विचारू नकोस, 'वर्षभर काडतुसं कशाची मिळतात?' असं विचार — सरावाला गोळी नसेल तर महागडी बंदूकही कपाटातच म्हातारी होते.

२. डोळे मिटून बंदूक खांद्याला लाव आणि मग उघड, नजर सरळ नळीवरून गेली पाहिजे — दस्ता लांब किंवा आखूड असला की मान वाकडी करावी लागते, आणि वाकड्या मानेचा नेम दुसऱ्या बारापर्यंतही टिकत नाही.

३. पहिलीच बंदूक मोठ्या दणक्याची घेऊ नकोस — धास्ती बसली की चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा आक्रसतो, आणि ती खोड मोडायला नवं शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आवाज मोठा, नेम खोटा.

४. बंदूक कुणाच्याही हातून आली आणि देणाऱ्यानं शपथेवर 'रिकामी आहे' सांगितलं, तरी स्वतः उघडून बघ आणि करंगळीनं चाचप — रिकामेपण कानानं ऐकायचं नसतं, डोळ्यानं बघायचं असतं.

५. नेम धरून पक्का निर्णय होईपर्यंत बोट चापाच्या बाहेर, दस्त्याला लागून सरळ ठेव — दचकलं किंवा ठेच लागली की मूठ आपोआप आवळते. चापावरचं बोट आणि ओठावरचा शब्द, एकदा निसटला की परत येत नाही.

एअर रायफल, जिला लोक खेळणं म्हणतात

६. सुरुवात हिच्यापासून कर: ४.५ मिलिमीटरची म्हणजे .१७७ ची, २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल आपल्याकडे परवान्याशिवाय घेता येते — परवाना येईपर्यंतचे महिने वाट बघण्यात घालवण्यापेक्षा हात बसवण्यात घालव.

७. खेळणं म्हणून हसणाऱ्याला सांग, ऑलिंपिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं दहा मीटर एअर रायफलमध्येच मिळवलं — आणि आपल्या सुमा शिरूरनं २००४ च्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० केले, तेही याच प्रकारात.

८. स्पर्धेच्या कागदावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो डोळ्यासमोर ठेवून सराव कर — छर्रा नळीतून सावकाश निघतो, त्यामुळे चाप ओढल्यावरची हाताची हालचालही कागदावर उमटते. नेम हाताचा, नाव बंदुकीचं.

९. स्प्रिंगची एअर रायफल घट्ट आवळू नकोस, सैल आणि दर वेळी तशीच धर — आतला दट्ट्या आधी मागे आणि मग पुढे धक्का देतो, आणि पकड बदलली की छर्ऱ्याची जागा बदलते.

१०. छर्रा न घालता स्प्रिंगची रायफल उडवू नकोस — पुढे हवेला अडवणारं काही नसलं की दट्ट्या थेट धातूवर आदळतो आणि आतलं सील फाटतं.

११. छर्रा घालताना मोडलेली नळी एका हातानं धरूनच ठेव आणि चापाकडे बोटही नेऊ नकोस — नळी झटक्यानं मिटली तर बोटं चिरडतात आणि नळीही वाकते.

१२. हवेच्या कोठीत साधं तेल सोडू नकोस — दाबानं हवा तापते, तेल आतच पेट घेतं, आणि स्प्रिंग व सील दोन्ही खराब होतात.

१३. मागे भिंत किंवा पत्रा असेल तिथे उडवू नकोस, जाड खोका चिंध्यांनी गच्च भरून मागे ठेव, आणि चष्मा घाल — शिशाचा छर्रा कठीण जागेवरून उलटून येतो, आणि डोळा दुसरा मिळत नाही.

पॉइंट टू-टू, शांत स्वभावाची शिक्षिका

१४. परवाना आणि क्लबचं सभासदत्व मिळालं की .२२ ची रायफल घे — १८८७ पासून चालत आलेलं हे लाँग रायफल काडतूस आजही सरावाला सगळ्यात सोयीचं: दणका जवळजवळ नाही, आवाज कमी, खर्च थोडा.

१५. 'लहान मुलांची बंदूक' हे ऐकून नाराज होऊ नकोस — कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेतेपद मिळवलं ते याच गोळीनं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं तेही याच गोळीनं.

१६. एकाच कंपनीच्या दोन-तीन वेगवेगळ्या लॉटची काडतुसं थोडी थोडी आणून पन्नास मीटरवर कागद लाव, आणि ज्या लॉटचे भोकांचे झुबके लहान पडतील तो पेटीनं घे — प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, आणि ती किमतीवरून कळत नाही.

१७. नळी रोज घासू नकोस, आणि घासलीस तर पहिल्या काही गोळ्या नेमासाठी मोजू नकोस — गोळीवरच्या मेणाचा पातळ थर आत बसला की मगच नळी एकसारखी मारायला लागते.

१८. साफसफाईचा गज शक्यतो मागच्या, काडतुसाच्या बाजूनं घाल — नळीचं पुढचं तोंड गोळीला शेवटची दिशा देतं, आणि तिथला बारीक ओरखडाही नेम बिघडवतो.

१९. रिकामा चाप ओढायचा सराव करायचा असेल तर आधी बनवणाऱ्याची पुस्तिका वाच — या काडतुसाची कड ठोकली जाते, त्यामुळे पुष्कळ रायफलींत रिकामी पिन थेट नळीच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पाडते.

२०. चाप ओढला आणि बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांब — कधी कधी दारू उशिरा पेटते, आणि तेवढ्यात उघडलेलं काडतूस तोंडावर फुटतं.

२१. बाराऐवजी नुसतं 'फुस्स' ऐकू आलं तर तिथेच थांब, रिकामी कर आणि नळीतून उजेड दिसतो का ते बघ — गोळी आतच अडकली असेल तर पुढची गोळी नळी फोडते.

२२. गोळीचं वजन जेमतेम अडीच ग्रॅम, म्हणून हिला हलकी समजू नकोस, मागे मातीचा भक्कम बांध असल्याशिवाय उडवू नकोस — ही गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि तिथे कोण उभं आहे ते तुला दिसत नाही. गोळी लहान, हिशोब महान.

बारा बोअरची एकनळी आणि दुनळी

२३. शेतावरच्या घरासाठी आजही साधी मोडती बारा बोअर पुष्कळ झाली — उघडली की भरलेली की रिकामी हे लांबूनही दिसतं, आणि बिघडायला आत फारसं काही नसतं.

२४. दुनळीला 'आजोबांच्या काळातली' म्हणून बाजूला टाकू नकोस — दोन नळ्यांची तोंडं सहसा वेगवेगळी आवळलेली असतात, एक जवळ पसरणारी आणि एक लांबवर झुबका ठेवणारी, आणि दोन चाप असतील तर निवड बोटाच्या टोकावर असते.

२५. जुनी घेताना नळ्या काढून एका बोटावर टांग आणि नखानं टिचकी मार, घंटेसारखा स्वच्छ नाद यायला हवा — बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधलं झाळकाम सुटलंय असं समज.

२६. पुढची लाकडी मूठ काढून, बंद बंदूक हलवून बघ आणि जोड उजेडासमोर धर — खडखड वाजली किंवा उजेडाची रेघ दिसली तर बिजागरी झिजलीय, आणि तिच्यात बार काढायच्या आधी कारागिराला दाखवायला हवी.

२७. नळीच्या बुडाचे शिक्के भिंग लावून वाच — बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ पासून नळ्या तपासून शिक्के मारतं, आणि ती बंदूक कुठल्या दारूसाठी, किती लांब काडतुसासाठी पास झाली ते तिथेच लिहिलेलं असतं.

२८. नळीवर वेलबुट्टीसारखी वळणं दिसली तर ती दमास्कस नळी, तिला भिंतीवर मान दे, आजचं काडतूस देऊ नकोस — ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून काळ्या दारूसाठी घडवलेली असते, नव्या दारूच्या दाबानं उसवू शकते.

२९. कोठी ६५ मिलिमीटरची असेल तर ७० चं काडतूस बसलं तरी उडवू नकोस — काडतुसाचं तोंड उडाल्यावर उलगडतं, त्याला उलगडायला जागा नसली की दाब भलताच वाढतो. बसलं म्हणजे चाललं नव्हे.

३०. घरात बारा आणि वीस बोअर दोन्ही असतील तर काडतुसांच्या पिशव्या वेगळ्या ठेव आणि खिशात कधी मिसळू नकोस — विसाचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं, मग 'रिकामी दिसते' म्हणून मागून दुसरं भरलं की नळी फुटते.

३१. पस्तीस मीटरवर मोठा कागद लावून प्रत्येक नळीचा एकेक बार काढ आणि छर्रे कुठे पडले ते मोज — चार नंबर, बीबी, एलजी ही तिन्ही एकाच नळीतून वेगवेगळी पसरतात, आणि ते तुला तुझ्याच कागदावरून कळायला हवं.

३२. बांध, कुंपण किंवा ओढा ओलांडताना बंदूक उघड आणि काडतुसं खिशात घाल, पलीकडे गेल्यावर नळीतून आभाळ बघून मगच भर — टोकाला चिमूटभर चिखल अडकला तरी नळी फुगते. दोन क्षण वाकलं, दोन जीव वाचले.

३३. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' दिसलं तर ते आपल्या पुण्याजवळच्या खडकीचं, १८६९ साली सुरू झालेल्या कारखान्यातलं — पण कारखाना कितीही जुना असो, काडतूस जुनं नको: फुगलेलं, हिरवट गंज चढलेलं असेल तर घरी नष्ट करू नकोस, दुकानदाराकडे किंवा ठाण्यात दे.

ठासणीची

३४. कोकणात अजून परवान्यावरची ठासणीची बंदूक घराघरांतून सापडते, तिला भंगार म्हणू नकोस — एका बारासाठी इतकं काम करावं लागतं की माणूस उडवायच्या आधी विचार करतो.

३५. हिच्यात फक्त काळी दारू, तीही मापट्यानं मोजून, काडतूस फोडून काढलेली दारू कधीच नाही — नव्या दारूचा दाब ही नळी सोसूच शकत नाही, आणि अंदाजानं घातलेली चिमूट अंगठा घेऊन जाते.

३६. गजावर दोन खुणा कर, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची, आणि हातात घेतल्यावर आधी गज टाकून बघ — ही बंदूक उघडून बघता येत नाही, खूणच तिचं तोंड.

३७. भरून ठेवलेली खुंटीला टांगू नकोस, आणि बार काढलास की त्याच दिवशी गरम पाण्यानं धुऊन, सुकवून तेल लाव — काळ्या दारूची राख ओल ओढते, कोकणातल्या पावसाळ्यात नळी आठवड्यात खाल्ली जाते.

.३१५ आणि .३२

३८. इच्छापूरच्या .३१५ रायफलीला 'सरकारी माल' म्हणून नाक मुरडू नकोस — ब्रिटिशांना लष्कराची .३०३ गोळी नागरिकांच्या हाती नको होती, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी काडतुसावर बेतलेली ही गोळी इथे रुजली, आणि बोल्टची ही मजबूत घडण आजही धूळ-पाऊस सोसते.

३९. बोल्ट मागे ओढल्यावर पोटातली पेटीही काढ आणि मगच कोठी तपास — पेटी तशीच राहिली की बोल्ट पुढे सारताना नवी गोळी गुपचूप वर चढते.

४०. हिचा सराव फक्त मान्यताप्राप्त रेंजवर, शेतात नाही — ही गोळी किलोमीटरांच्या हिशोबात जाते, आणि 'पलीकडे नुसतं माळरान आहे' हे कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही.

४१. .३२ चं रिव्हॉल्व्हर 'कमजोर' म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस — त्याचं लाँग काडतूस नेमाला इतकं पक्कं आहे की जागतिक सेंटर फायर पिस्तूल स्पर्धांमध्ये नेमबाज तेच वापरतात.

४२. दुकानात नुसतं 'बत्तीसची काडतुसं' मागू नकोस, रिव्हॉल्व्हरची की पिस्तुलाची ते सांग आणि पेटी वाचून घे — आकडा एक असला तरी काडतुसं दोन वेगळी आहेत, आणि एकमेकांच्या जागी ती चालत नाहीत.

४३. हलकं रिव्हॉल्व्हर घेण्याआधी जड उडवून बघ: कानपूरहून २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' सुमारे अर्ध्या किलोचं, पर्समध्ये सोयीचं — पण वजन कमी तितका हाताला धक्का जास्त, म्हणून सरावही जास्त लागतो.

कपाट आणि कागद

४४. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या देव्हाऱ्यामागे नाहीत — घरातल्या मुलांना तुझ्या सगळ्या लपवायच्या जागा तुझ्याआधी ठाऊक असतात. कपाट जुनं चालेल, कुलूप जुनं नको.

४५. बंदूक चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नकोस, तेलाचा हलका हात फिरवून मोकळी उभी कर, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुसून घे — चामडं ओल धरून ठेवतं आणि गंज आतून चढतो.

४६. तेल थेंबभरच, भळाभळा नको — जास्तीचं तेल लाकडात उतरून दस्ता मऊ करतं आणि थंडीत चिकट होऊन चाप जड करतं. तेल थेंबभर, टिकणं जन्मभर.

४७. परवाना आता पाच वर्षांचा असतो, म्हणून मुदत संपायच्या दोन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाक आणि पोच जपून ठेव — मुदत संपलेल्या परवान्यावरची बंदूक ही बेकायदा बंदूकच.

४८. निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश आला तर मुदतीत जमा कर, पावतीवर नंबर ताडून बघ, आणि परत आणल्यावर त्याच संध्याकाळी नळी तपास — कोठारात शेकडो बंदुका एकत्र असतात, अदलाबदल लगेच कळली तर लगेच निस्तरते.

४९. लग्न-वरातीत कुणी कितीही आग्रह केला तरी बंदूक घरीच ठेव — आनंदाच्या गोळीबाराला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि वर गेलेली गोळी खाली कुणाच्या अंगणात पडेल ते कुणालाच ठाऊक नसतं. बार क्षणाचा, घोर जन्माचा.

५०. रानडुकरं पिकात शिरली तरी परवाना म्हणजे शिकारीची मुभा समजू नकोस, आधी वनखात्याकडे लेखी जा — १९७२ च्या वन्यजीव कायद्यापुढे 'माझंच शेत' हे उत्तर चालत नाही.

५१. घरातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या हयातीतच बंदुकीचं काय करायचं ते विचार — परवानाधारकाची सत्तरी झाली किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली की तो वारसाचं नाव सुचवू शकतो, आणि मागाहून ठाण्याच्या खेपा घालण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

आता पहिलं वर्ष असं काढ. रोज अर्धा तास एअर रायफल, त्यातही पाच गोळ्यांनी सुरुवात, पन्नासनं नव्हे. सहा महिन्यांनी क्लबमध्ये पॉइंट टू-टू, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, आणि प्रत्येक कागद तारीख घालून वहीत. वर्षाअखेरीस ती वही घेऊन दुनळीला हात लाव. तोवर दणक्याची भीती गेलेली असेल आणि 'रिकामी आहे का' हा प्रश्न न आठवता विचारायची सवय लागलेली असेल. त्यानंतर परवान्यावरच्या दुसऱ्या जागेत काय घ्यायचं ते तुझं तू ठरव, चकचकीत पिस्तूल घेतलंस तरी माझी ना नाही. तेव्हा ती निवड तुझ्या हाताची असेल, जाहिरातीची नाही.